स्कॉटलंडमध्ये घरातली खोली पाहुण्यांना द्यायची असेल तर: शॉर्ट-टर्म लेट परवान्याचा प्रवास

स्कॉटलंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून राहत्या घरातली एक खोली जरी पैसे घेऊन थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना द्यायची म्हटली, तरी काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, शॉर्ट-टर्म लेट परवाना लागतो. एडिनबर्गच्या मध्यवस्तीतला फ्लॅट असो की स्काय बेटावरचं एकटं कॉटेज, ३२ काउन्सिलांपैकी ज्या हद्दीत घर येतं तिथे अर्ज करायचा. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्रींपर्यंत प्लॅनिंगची, म्हणजे घराचा वापर बदलण्याची, परवानगी न घेता घर देता येतं. तशी रात्रींची मोकळीक इथे नाही, एका रात्रीसाठीही परवाना हवा. विनापरवाना धंदा केला तर दंड २,५०० पौंडांपर्यंत.

मी हा अर्ज केला तो राहत्या घरातल्या खोल्यांसाठी. नंतर ओळखीतल्या काहींचे कागद पाहण्यात आले, त्यात स्वतः न राहता अख्खा फ्लॅट देणारेही होते. या सगळ्यातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते: ऑनलाइन फॉर्म हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. बहुतेक जण तोच आधी उघडतात, फी भरून मोकळे होतात आणि मग सर्टिफिकेटं गोळा करत हिंडतात. फी सहसा परत मिळत नाही. शिवाय अर्ज दाखल झाला की नोटिशीचे आणि हरकतींचे दिवस मोजायला सुरुवात होते. इलेक्ट्रिशियनची तारीख तीन आठवडे पुढची मिळाली, हे ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

आधी परवान्याचा प्रकार ठरवा. तुम्ही घरात असताना पाहुण्याला खोली देता ते होम शेअरिंग. तुम्ही बाहेरगावी असताना तेवढे दिवस राहतं घर देता ते होम लेटिंग. दोन्ही करायचं असेल तर दोन्हींचा एकत्र परवाना मिळतो. जिथे तुम्ही राहतच नाही असं घर दिलं तर ते सेकंडरी लेटिंग, आणि तोच सगळ्यात अवघड प्रकार. आपल्या लोकांची गफलत होते ती पहिल्या दोघांत. परवाना काढायचा होम शेअरिंगचा, आणि महिनाभर भारतात जाताना किल्ली पाहुण्याच्या हातात द्यायची. विमानात बसलात की तुमचा परवाना त्या पाहुण्याला लागू होत नाही. भारतवारी वर्षातून एकदाच होत असली तरी एकत्र प्रकारावर खूण करा. नंतर प्रकार बदलून घेणं हा वेगळाच खटाटोप आहे.

पाहुणा कोणाला म्हणायचं हेही कायद्यात लिहिलेलं आहे. आई-वडील, भावंडं, मुलं, नातवंडं, जोडीदाराकडची हीच नाती, यांच्याकडून खर्चाला पैसे घेतले तरी ते यात मोडत नाहीत. ज्याचं मुख्य बिऱ्हाडच तुमच्या खोलीत आहे असा नेहमीचा लॉजरही नाही. काही काउन्सिलं वर्षातून सहा आठवड्यांपर्यंतची तात्पुरती सूट देतात. एडिनबर्गमध्ये ऑगस्टातल्या फेस्टिवलपुरती खोली देणारे तिच्यावर डोळा ठेवून असतात. पण ती सूट आपोआप मिळत नाही, अर्ज करून घ्यावी लागते, आणि सुरक्षेच्या अटी त्यातून सुटतीलच असं नाही.

प्लॅनिंगचं खातं वेगळं आणि परवान्याचं वेगळं, हे डोक्यात पक्कं बसवलं की निम्मा मनस्ताप वाचतो. एकीकडचा होकार दुसरीकडे चालत नाही. संपूर्ण एडिनबर्ग शहर ५ सप्टेंबर २०२२ पासून नियंत्रण क्षेत्र आहे, हायलँडमधला बॅडनॉक आणि स्ट्रॅथस्पे हा भाग ४ मार्च २०२४ पासून. अशा क्षेत्रात राहण्याचं घर नव्याने सेकंडरी लेटिंगला लावायचं तर प्लॅनिंगची परवानगी लागतेच. राहत्या घरातली खोली देणाऱ्याला ही अट नाही. ५ सप्टेंबर २०२२ च्या आधीपासून चालू असलेल्या घरांना नियम आपोआप लागू होत नाही, असा निकाल कोर्ट ऑफ सेशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने, २०२३ मध्ये दिला. तरी घराच्या वापरात मोठा फरक पडला का, हा जुना प्रश्न त्यांनाही चुकत नाही. त्याच वर्षी या न्यायालयाने एडिनबर्गच्या परवाना धोरणातला एक भागही बेकायदा ठरवला होता: टेनमेंटमधल्या, म्हणजे सामायिक जिन्याच्या इमारतीतल्या, फ्लॅटला परवाना द्यायचा नाही असं आधीच गृहीत धरायचं आणि उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकायची, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. पण हा निकाल परवान्याबद्दल होता. प्लॅनिंगमध्ये सामायिक जिन्याचा फ्लॅट अजूनही जड जातो, रस्त्यावर स्वतंत्र दार उघडणाऱ्या फ्लॅटला त्या मानाने बरी संधी असते. दहा वर्षांहून जास्त काळ सलग हाच वापर असेल, तर सर्टिफिकेट ऑफ लॉफुलनेस, म्हणजे हा वापर कायदेशीर असल्याचा दाखला, मागता येतं. त्यासाठी जुन्या बुकिंगच्या नोंदी, टॅक्स रिटर्न आणि सफाईवाल्यांची बिलं सालवार लावून द्या. मधलं एखादं साल कोरं राहिलं तर बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं. नियंत्रण क्षेत्रात सेकंडरी लेटिंग करायचं असेल तर प्लॅनिंगचा कागद हातात आल्याशिवाय परवान्याच्या फॉर्मला हात लावू नका.

आता घराकडे वळू. आगीच्या अलार्मचा नियम फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घराला आहे, पण पाहुणे ठेवणाऱ्याकडे तो खरोखर तपासला जातो. दिवसाचा जास्त वेळ जिथे बसता त्या खोलीत एक स्मोक अलार्म, प्रत्येक पॅसेजमध्ये आणि जिन्याच्या प्रत्येक लँडिंगवर एक, आणि स्वयंपाकघरात हीट अलार्म. सगळे छताला लावलेले आणि एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. बॅटरीवर चालणारे असतील तर बॅटरी सीलबंद आणि दीर्घ आयुष्याची हवी. नऊ व्होल्टची बॅटरी काढता-घालता येते तो जुना डबा चालत नाही. अलार्म भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान ३० सेंटीमीटर लांब ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे अलार्म सहसा एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून सगळा संच एकाच कंपनीचा घ्या आणि लावून झाल्यावर प्रत्येकाचं बटण दाबून बाकीचे वाजतात का ते स्वतः फिरून ऐका. वरच्या मजल्यावरचा एखादा मुका निघतो.

आपल्या घरांत एक खास प्रकार दिसतो. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा स्मोक अलार्म फोडणी दिली की बोंबलतो, म्हणून कुणीतरी तो उतरवून कपाटावर ठेवलेला असतो आणि छतावर नुसती प्लॅस्टिकची चकती उरते. पाहणीला आलेल्याची नजर आधी त्या चकतीवर जाते. हीट अलार्म धुराने नाही, तापमानाने वाजतो. त्यामुळे स्वयंपाकघरात तो आणि पॅसेजमधला स्मोक अलार्म दारापासून जमेल तितका लांब, एवढं केलं की फोडणी आणि अलार्म दोन्ही नांदतात.

बॉयलर, शेकोटी किंवा त्यांचं धुराडं ज्या खोलीत आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो. तो बाकीच्यांना जोडलेला नसला तरी चालतो, पण जागा मोजून लावावी लागते: उपकरणापासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. छताला लावला तर भिंतीपासून ३० सेंटीमीटर. भिंतीवर लावला तर छताच्या १५ सेंटीमीटर खाली, पण त्या खोलीतल्या दार-खिडक्यांच्या वर. शेल्फवर पुस्तकांच्या मागे ठेवलेला अलार्म म्हणजे अलार्म नसल्यासारखाच. प्रत्येक अलार्मवर बदलण्याची तारीख छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा.

विजेची दोन कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. ईआयसीआर ही भिंतीतल्या वायरिंगची आणि फ्यूज बोर्डची तपासणी, निदान पाच वर्षांतून एकदा. पीएटी ही केटल, इस्त्री, टेबल लॅम्प अशा प्लगवर चालणाऱ्या वस्तूंची, आणि तपासलेल्या वस्तूवर तारखेचं लेबल लागतं. ईआयसीआर हातात आला की पहिल्याच पानावरचा शेरा बघा: ‘समाधानकारक’ आहे की नाही. सी१ म्हणजे आत्ता धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, एफआय म्हणजे आणखी तपास हवा. या तिघांपैकी एकही आलं तर रिपोर्ट नापास, दुरुस्ती करून तसा कागद जोडावा लागतो. सी३ ही फक्त सूचना, तेवढ्याने अडत नाही. इलेक्ट्रिशियन सी३ दाखवून मोठं काम गळ्यात मारू लागला तर घाई करू नका. जुन्या टेनमेंटमध्ये नापासाचं नेहमीचं कारण म्हणजे आरसीडी, म्हणजे वीजगळती झाली की प्रवाह तोडणारं उपकरण, नसलेला बोर्ड. पीएटीच्या दिवशी कपाटातला जादा हीटर आणि मिक्सरही बाहेर काढून ठेवा. पाहुण्याच्या हाताला लागेल अशी, लेबल नसलेली वस्तू पाहणीत सापडायला नको. भारतातून आणलेला, अडॅप्टर लावून चालवायचा मिक्सर पाहुण्यांच्या वापरातून काढूनच टाका.

गॅस असेल तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून दर वर्षी तपासणी. यात फारसं काही अडत नाही.

लिजिओनेला हे नाव वाचून लोक घाबरतात आणि एखाद्या कंपनीला पैसे मोजतात. साध्या घरात जोखमीची पाहणी स्वतः करून लिहून ठेवली तरी चालते, मात्र काय करतोय ते कळलं पाहिजे. हा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून गरम पाण्याची टाकी असेल तर आतलं पाणी ६० अंश सेल्सिअसला, नळाला येणारं गरम पाणी मिनिटभरात ५० अंशांना पोचायला हवं आणि थंड पाणी २० अंशांच्या खाली. एक थर्मामीटर घ्या, प्रत्येक नळाखाली धरा आणि आकडे तारखेसह वहीत उतरवा. कॉम्बी बॉयलरमध्ये पाणी साठत नाही, त्यामुळे जोखीम कमी, पण पाहुण्यांचं बाथरूम आठवडाभर बंद राहिलं तर नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहू द्यावे लागतात. शॉवर आधी बादलीत किंवा पिशवीत धरा, म्हणजे तुषार उडत नाहीत. दर तीन महिन्यांनी शॉवरचं तोंड काढून क्षार घासून टाका. इथल्या बऱ्याच भागांत पाणी मृदू असल्याने क्षार कमी जमतात, पण वहीतली नोंद मात्र लागते.

सोफा आणि गाद्यांचा नियम सगळ्यात दुर्लक्षित. गादीच काय, कापूस-फोम भरलेली प्रत्येक वस्तू १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांत बसते हे दाखवणारी नोंद ठेवावी लागते. सोफ्याचं कायमचं लेबल बहुधा बैठकीच्या उशीखाली किंवा तळाला शिवलेलं असतं, गादीवर बीएस ७१७७ असं लिहिलेलं लेबल शोधा. कुणी हौसेने कात्रीने कापून टाकलं असेल तर खरेदीची पावती शोधा, तीही नसेल तर ती वस्तू पाहुण्यांच्या खोलीतून हलवा. भारतातून आणलेल्या गाद्या-लोडांवर असं लेबल नसतं, हे वेगळं सांगायला नको.

विमा हा बहुतेकांचा अडसर ठरतो. पब्लिक लायबिलिटी, म्हणजे पाहुण्याला किंवा इतर कुणाला झालेल्या इजा-नुकसानीचं संरक्षण, किमान ५० लाख पौंडांची हवी, आणि इमारतीचा विमा परवान्याच्या पूर्ण मुदतीत चालू हवा. साध्या घरविम्यात पैसे देणारा पाहुणा आला की संरक्षण संपतं, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बुकिंग साइट देते त्या संरक्षणावर विसंबून अर्ज करू नका. विमा कंपनीला पत्त्यासह स्पष्ट विचारा आणि शॉर्ट-टर्म लेट हे शब्द पॉलिसीत आलेले बघा. टेनमेंटमध्ये इमारतीचा विमा सामायिक असेल तर फॅक्टरकडून, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीकडून, त्याची प्रत मागवावी लागते, आणि तिकडून उत्तर यायला वेळ लागतो. पूर्ण घर देणार असाल तर ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचा दाखलाही लागतो, घरात राहून खोली देणाऱ्याला त्याची गरज नाही.

आता फॉर्म. बहुतेक अर्ज अडकतात ते कायद्यात नाही, कागदांच्या आपसातल्या विसंगतीत. एडिनबर्गच्या टेनमेंटमध्ये एकाच फ्लॅटचे दोन पत्ते चालतात: पोस्टमनला तो ‘२एफ१’, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा पहिला फ्लॅट, आणि मालकीच्या कागदावर ‘फ्लॅट ५’. इलेक्ट्रिशियनने एक लिहिलं, विमा कंपनीने दुसरं आणि फॉर्मवर तिसरंच आलं, की शंका काढणारा ईमेल ठरलेला. काउन्सिलच्या यादीतला पत्ता आधी बघा आणि प्रत्येक कारागिराला तोच कागदावर लिहून द्या.

माणसांच्या संख्येचंही तेच. नकाशात झोपायच्या जागा चार, विम्यात पाच आणि जाहिरातीत ‘सहा जण आरामात’, असं झालं तर परवाना सगळ्यात लहान आकड्याचा मिळतो, किंवा आधी खुलासा मागतात. सोफा-कम-बेड दाखवला तर तो मोजला जातो. नकाशा आर्किटेक्टकडून करून घ्यायची गरज सहसा पडत नाही. खोल्यांची मापं, दारं-खिडक्या, बाहेर पडायचा मार्ग, प्रत्येक अलार्मची आणि प्रत्येक पलंगाची जागा हे पट्टीने काढलेल्या चित्रात स्पष्ट दिसलं म्हणजे झालं. पलंगामुळे दार पूर्ण उघडत नसेल तर तो नकाशातच नाही, खोलीतही हलवा. अग्निशमन सेवेकडे अर्ज मतासाठी जातो तेव्हा बाहेर पडायच्या वाटेवरच जास्त प्रश्न येतात.

मालक दोघे असतील तर दोघांची संमती हवी, भाड्याच्या घरातली खोली देत असाल तर घरमालकाची. रोजचा कारभार पाहणाऱ्याचं नावही फॉर्ममध्ये द्यावं लागतं, कारण परवान्यात नाव नसलेल्याने कारभार बघायचा नाही अशी सक्तीची अट आहे. तुम्ही भारतात असताना बुकिंग आणि तक्रारी मेहुणा बघणार असेल तर त्याचं नाव आधीच घाला. जुने पत्ते आणि पूर्वी झालेल्या शिक्षाही विचारतात. पोलिस पडताळणी करतातच, तेव्हा किरकोळ वाटणारी गोष्टही लपवू नका. शिक्षेपेक्षा लपवणं जास्त महागात पडतं, कारण तुम्ही परवाना धरायला लायक व्यक्ती आहात का, हाच प्रश्न असतो.

अर्ज दाखल केल्या दिवसापासून २१ दिवस घराजवळ नोटीस लावून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून वाचता येईल अशी. खिडकीच्या आतून पहिल्या मजल्यावर लावलेली नोटीस कुणाला वाचता येणार? जिन्याच्या बाहेरच्या दारावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, पाकिटाचं तोंड खाली करून लावा. तोंड वर ठेवलं तर पाऊस आत शिरतो आणि शाई ओघळते. दर दोन-तीन दिवसांनी तारीख दिसेल असा फोटो काढा. कुणी फाडली, वाऱ्याने गेली, तर लगेच दुसरी लावा. तुमची चूक नसताना गेली आणि तुम्ही वाजवी काळजी घेतली होती हे दाखवता आलं, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. मुदत संपली की नोटीस लावल्याचं प्रमाणपत्र भरून पाठवायचं. हे विसरल्यामुळे भिजत पडलेले अर्ज बरेच आहेत, आणि आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

हरकतीसाठी २८ दिवस असतात. हरकत लेखी हवी, त्यावर नाव, पत्ता आणि कारण हवं, निनावी पत्र धरत नाहीत. शेजाऱ्यांना नोटीस दिसण्याआधी तुमच्या तोंडून कळलेलं बरं. त्यांची गाऱ्हाणी ठरलेली असतात: रात्री अकराला दगडी जिन्यावर खडखडत जाणाऱ्या चाकांच्या बॅगा, चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेला कचरा, सामायिक भिंतीवर न विचारता ठोकलेला किल्लीचा डबा. यांतल्या प्रत्येकावर तुम्ही काय करणार हे अर्जासोबत अर्ध्या पानात लिहून दिलं तर हरकत आली तरी तिची धार कमी होते.

हरकत नसेल तर निर्णय सहसा अधिकाऱ्यांच्या पातळीवर होतो. असेल तर समितीपुढे सुनावणी होते आणि हरकतीची प्रत तुम्हाला आधी मिळते. तिथे ‘पर्यटनाचा फायदा’ वगैरे सांगत बसू नका. समिती मुख्यतः दोन गोष्टी तोलते: तुम्ही लायक आहात का आणि जागा, तिचं ठिकाण आणि येणाऱ्यांची संख्या या धंद्याला योग्य आहे का. काउन्सिलला नव्या अर्जावर नऊ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नाही दिला तर परवाना एका वर्षासाठी मिळाला असं धरलं जातं. नकार आला तर २८ दिवसांत शेरीफ कोर्टात, म्हणजे स्थानिक न्यायालयात, अपील करता येतं. परिस्थितीत ठळक बदल झाल्याशिवाय वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणूनच अर्धवट तयारीचा अर्ज रेटून न्यायचा मोह टाळायचा.

पहिला परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. परवाना क्रमांक प्रत्येक जाहिरातीत घालावा लागतो, ईपीसी लागत असेल तर त्याची श्रेणीही. घरात पाहुण्यांसाठी एक फाइल ठेवायची: परवान्याची प्रत आणि अटी, गॅस आणि विजेचे रिपोर्ट, आग लागली तर काय करायचं, तुमचा आणि काउन्सिलचा संपर्क. एडिनबर्गमध्ये आता त्यात पर्यटक कराचंही काम आलं आहे: २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर राहण्याच्या खर्चाच्या ५ टक्के, सलग पहिल्या पाच रात्रींपर्यंत. पाहुण्याकडून गोळा करून तो भरायची जबाबदारी खोली देणाऱ्याची.

प्रत्येक कागदाची मुदत वेगळी आहे: गॅस एक वर्ष, विमा एक वर्ष, ईआयसीआर पाच वर्षं, परवाना तीन. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी गेला तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहतो, उशीर झाला तर नवा अर्जदार म्हणून रांगेत उभं राहायची वेळ येऊ शकते. गॅसची तपासणी मुदतीच्या आधीच्या दोन महिन्यांत कधीही करून घेता येते आणि पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते, तेव्हा डिसेंबरमध्ये भारतात जाणाऱ्याने ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकून घ्यावी.